एका पानात बसवलेली टेकडी

माझ्या बापाची टेकडी मी शेकड्यामागे चार आण्यांसाठी घालवली, असं कुळगावात अजून बोललं जातं. बोलणाऱ्यांत ज्यांचा आवाज सगळ्यांत मोठा, त्यांच्याच जमिनी माझ्यामुळे वाचल्या. त्या जमिनींवर आता त्यांच्या नातवांच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्याच इमारतींच्या वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला आले की हे लोक माझ्याकडे बसून घासाघीस करतात, "तू आपला माणूस" म्हणून. आपला माणूस! माझ्या तोंडावर एकानेही कधी आभाराचा शब्द काढला नाही. म्हणून हे मी स्वतः लिहून ठेवतो आहे. यात माझी चूक आहे, ती लिहीनच. पण दुसऱ्यांच्याही आहेत, आणि त्या मी सोडणार नाही.

आमचं घर कुळगावात, कौलारू, पुढे शेणाने सारवलेली ओटी. भाताची शेती पोटापुरती. खरी मालमत्ता म्हणजे गावाच्या उगवतीकडची वरकस टेकडी. वरकस म्हणजे जिथे भात होत नाही, नुसतं गवत होतं अशी जमीन. बाहेरच्या माणसाला ती ओसाड वाटेल, पण नवरात्रापर्यंत तिथे कमरेइतकं गवत उभं राहायचं आणि वारा सुटला की अख्खी टेकडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखी दिसायची. दिवाळीच्या आगेमागे कापणी. पहाटेपासून विळ्यांचा खसाखसा आवाज, आय डोक्यावरून टोपली घेऊन वर यायची, टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कांदा. ठेकेदार गवत विकत घ्यायचा, बदलापूर स्टेशनजवळच्या आवारात लोखंडी दाबयंत्राखाली त्याच्या गठड्या बांधायचा आणि त्या मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. माझ्या बापाच्या बापापासून हे असंच चाललं होतं. बाबा म्हणायचे, "भात पाऊस देतो, गवत टेकडी देते. पाऊस फसवील, टेकडी नाय फसवायची."

बाबांचं नाव गोमा. ते कधी शाळेत गेले नाहीत. पण मी पहिलीत गेलो तेव्हा माझ्या पाटीवर ते माझ्याबरोबर शिकले. संध्याकाळी शेतावरून आले की ओटीवर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "हां, आज गुर्जीनं काय दिलं?" मी पाटीभर एकेक अक्षर काढायचो, तळहाताएवढं, आणि ते त्यावरून बोट फिरवायचे. दोन-तीन वर्षांत त्यांना वाचता येऊ लागलं. दुकानांच्या पाट्या, स्टेशनचं नाव, देवळावरची दगडातली अक्षरं, सगळं मोठ्याने वाचायचे. त्यांच्या बरोबरीच्या बाप्यांत सही करणारे गावात तिघेच होते, त्यातले ते एक. सही करताना जिभेचं टोक ओठाबाहेर यायचं आणि शेवटची रेघ ओढून झाली की आजूबाजूला कोणी बघतंय का ते बघायचे. आय हसायची. "कलेक्टर झाला माजा घरवाला," म्हणायची. एक गोष्ट मात्र मी तेव्हा लक्षात घेतली नाही, आणि पुढे तिनेच घात केला. बाबांना मोठं अक्षरच वाचता येत होतं. पाटीवर शिकलेला माणूस. बारीक अक्षर समोर आलं की ते कागद दूर धरायचे, जवळ धरायचे, आणि मग मान हलवून "हां, कललं" म्हणायचे.

शाळा सुटल्यावर मी उल्हासनगरला एका छापखान्यात लागलो. तेव्हा लोक उल्हासनगरला कॅम्पच म्हणायचे. लष्कराच्या जुन्या बराकीत सिंधमधून आलेली माणसं गोणपाटाचे पडदे लावून राहत होती, आणि एकेका पडद्यामागे एकेक कारखाना चालू होता. एकीकडे पापड, एकीकडे बिस्किटं, एकीकडे पेनांची टोपणं. सगळ्यांना लेबलं हवी, पावत्या हव्या, दरपत्रकं हवी. आमचे मालक मेंघराजशेठ, म्हातारपणाकडे झुकलेले, पांढरा पायजमा, कानावर पेन्सिल. सिंधमध्ये त्यांचा चार मशिनांचा छापखाना होता. तो तिथेच राहिला. इथे पायाने दाबून चालवायच्या एका पायट्याच्या मशिनीवर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तर मला ठेवलं. त्यांची बायको दुपारी कोकी पाठवायची, कांदा घातलेली जाड पोळी. ती मला भाकरीपेक्षाही आवडू लागली होती, हे आयला मी कधी सांगितलं नाही.

मेंघराजशेठना कोऱ्या जागेचा राग होता. प्रूफ हातात आलं की ओळींमधली पांढरी पट्टी पेन्सिलीने ठोकायचे आणि मला पुट, म्हणजे बेटा, म्हणून ओरडायचे. "ये क्या छोड़ा है, पुट? यहाँ गाय बाँधेगा? कागज का पैसा दिया है!" ओळींमध्ये अंतर पडावं म्हणून आम्ही शिशाच्या पातळ पट्ट्या घालतो. त्यांनी त्या मला काढायला लावल्या. समास कमी करायला लावले. मी तरुण होतो, मला त्यातच हुशारी वाटू लागली. अक्षरं जुळवणारा दुसरा जुळारी दोन पानं करील तो मजकूर मी एका पानात बसवायचो. सगळ्यांत बारीक आठ पॉइंटचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, मसुराच्या डाळीएवढे, ते मी डोळे मिटून उचलायचो. त्या आकारात मराठीचे काय हाल होतात हे मला दिसत होतं. रोमन अक्षराला वर-खाली काही नसतं, आपल्याला वर मात्रा, खाली उकार. शाई जरा जास्त लागली की अनुस्वार पसरतो, मात्रा वरच्या ओळीला चिकटते, सगळी ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. दिसत होतं, पण वाचणाऱ्याचा विचार मी करत नव्हतो. गिऱ्हाईक खूश, शेठ खूश, मी खूश.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला पटणार नाही. खिळे उलटे असतात आणि जुळारी ते आरशातल्यासारखे वाचतो. हात इतका वेगाने चालतो की तो अक्षर वाचतो, मजकूर वाचत नाही. प्रूफ तपासतानाही तेच. कुठे खिळा आडवा पडलाय, कुठे मात्रा तुटलीय, एवढंच. मी लग्नपत्रिका जुळवल्यात आणि लग्न कोणाचं हे मला संध्याकाळी सांगता आलेलं नाही. ही आमच्या धंद्याची सवय आहे. सबब म्हणून सांगत नाही. सवय म्हणून सांगतो.

एका दुपारी दामूशेठ आला. हा आमच्याकडचाच गवताचा ठेकेदार, बाबांचं गवत हाच घ्यायचा. काळी टोपी, खिशात अडकित्ता, बोलणं लोण्यासारखं. यंदा करार तोंडी नको, छापील पाहिजे म्हणाला. हातात दाट लिहिलेले तीन ताव होते.

"दोन बाजू होतील," मी म्हटलं.

"दोन बाजूंचे पैसे कोण देतो? एका बाजूच्या भावात दोन्ही छाप. गाववाला ना तू?"

"गाववाला आहे म्हणून मशीन फुकट फिरत नाही, दामूशेठ."

"मग मी कल्याणला जातो."

"जा की. तिथे दोनच बाजू होतील, वर भाडं पडेल." तो उठला. दारापर्यंत गेला. मी त्याला जाऊ दिलं आणि मग म्हटलं, "शेकड्यामागे चार आणे जास्त द्या. सगळं एका बाजूला बसवून देतो."

तो वळला. "बसेल?"

"बसेल काय, उरेल."

हे शब्द माझे. दामूशेठने बारीक टाइप मागितला नव्हता. त्याला बारीक टाइप म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तो दोन पानांचे पैसे वाचवायला आला होता आणि मी चार आण्यांसाठी त्याच्या हातात सुरी दिली, तीही धार लावून. त्याने तिचं काय करायचं ते प्रूफ बघितल्याबरोबर ओळखलं. वर मी मथळा सोळा पॉइंटात घेतला होता, 'गवत कापणीचा करार', खाली पहिल्या तीन कलमांत गवताचा भाव, कापणीची मुदत, मजुरी, हे बारा पॉइंटात. आणि तिथून खाली आठ कलमं आठ पॉइंटात, पट्टी न घालता, एकाला एक चिकटून. दामूशेठने कागद हातभर लांब धरला आणि हसला. म्हणाला, "वरचं अजून जरा मोठं कर. खालचं असू दे असंच. झकास आहे." मी वरचं मोठं केलं. तळाशी नियमाप्रमाणे छापखान्याचं नाव टाकलं. चार आणे वाजवून घेतले.

कापणी झाली, गवत गेलं, दिवाळी गेली. थंडीत मी सायकलवरून कॅम्पकडे जाताना अंबरनाथजवळ मला तांबड्या मुरमाचे ट्रक भेटू लागले. तिथे एका नव्या कारखान्याच्या आवारात भराव चालला होता. ट्रक गेला की माझा सदरा तांबडा व्हायचा. मी शिव्या घालत झटकायचो. आठ दिवस मी माझ्या बापाची टेकडी सदऱ्यावरून झटकत होतो आणि मला कळलं नाही.

सुट्टीच्या दिवशी घरी होतो. आय बाहेरून धावत आली. "यशा, टेकडीवर मान्सं खनतायत. तुजा बाबा तिथं गेलाय, कोयता घिऊन."

मी पळालो. टेकडीच्या पलीकडच्या पायथ्याला, जिथे कापणीनंतर आमच्यातलं कोणी फिरकत नसे, वीसेक मजूर कुदळी चालवत होते. एका बाजूचा उतार कापून उभी तांबडी भिंत झाली होती आणि तिच्या वरच्या काठावर कापलेल्या गवताचे खुंट लोंबत होते. बाबा कोयता खाली धरून उभे होते आणि दामूशेठचा मुकादम त्यांना शांतपणे सांगत होता, "बाबा, करार आहे. कागद बघा." मजुरांनी काम थांबवलंही नव्हतं. एवढी त्यांना खात्री होती.

घरी येऊन बाबांनी ट्रंकेतून कागद काढला. धुतलेल्या धोतराच्या घडीत जपून ठेवला होता. तळाला रेव्हेन्यूचं तिकीट आणि तिकिटावर ती तीन वर्षं गिरवलेली सही. "हे बग," त्यांनी वरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं, "गवत कापनीचा करार. भाव. मुदत. मजुरी. मी सगलं वाचलं. मुरमाचं कुटं हाय?"

ते नवव्या कलमात होतं. 'सदर जमिनीतील माती, मुरूम, दगड इत्यादी काढून नेण्याचा हक्क कराराच्या मुदतीत ठेकेदाराकडे राहील.' आणि कराराची मुदत पंधरा वर्षं, तीही सातव्या कलमात, त्याच मुंग्यांच्या रांगेत. मी ती ओळ बघितली. ती ओळ मी ओळखत होतो. मजकूर नव्हे, ओळ. जुळवताना बारीक केसमधला, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतला, ह चा खिळा संपला होता, म्हणून मी दुसऱ्या केसमधला जरा जाड ह घालून वेळ भागवली होती. 'हक्क' मधला ह. तो तिथे काळा होऊन बसला होता. त्या एका खिळ्यासाठी मी दहा मिनिटं शोधाशोध केली होती आणि तो कुठल्या शब्दात घालतोय, कुणाचा हक्क कुणाला देतोय, हे मला दिसलं नव्हतं.

"सही करायच्या आधी मला का नाही दाखवलंत?" मी ओरडलो. मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं. पण राग आला की समोर जो असेल त्याच्यावर जातो, हा माझा स्वभाव तेव्हाही होता.

बाबांनी कागदाच्या तळाला बोट नेलं. "खाली तुज्या छापखान्याचं नाव होतं. दामूशेट बोलला, तुज्या पोरानंच जुलवलंय. म्हटलं, माज्या पोरानं जुलवलंय, त्याच्यात आनि काय बगायचं?"

मी तडक स्टेशनजवळच्या दामूशेठच्या आवारात गेलो. तो गठड्यांवर बसून सुपारी कातरत होता. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याने कातरलेलं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाला, "मी काय लपवलं, सांग. सगळं छापलंय. छापलं कोणी? तू. तुझा बाप अंगठेवाला असता तर मला कागद वाचून दाखवावा लागला असता, दोन साक्षीदारांपुढे. वाचून दाखविले, समजले, असं लिहावं लागतं खाली. सही करणाऱ्याला वाचून दाखवायची रीत नाही. सही करतो तो वाचूनच करतो ना?"

तेव्हा मला त्याचा सगळा डाव दिसला. तो आधी तिघा सहीवाल्यांकडे गेला होता. आता गावात वरकस जमिनी असलेल्या उरलेल्या बारा-तेरा अंगठेवाल्यांकडे त्याचा कारकून जाणार, पाण्यासारखं भरभर वाचून दाखवणार, आणि कोणी अडखळलं तर म्हणणार, गोमाने स्वतः वाचून सही केलीय. माझ्या बापाची विद्या त्याने आमिष म्हणून लावली होती.

आता जे लिहितोय ते गावात कोणाला ठाऊक नाही. मी दामूशेठला सौदा सांगितला. म्हटलं, माझ्या बाबांचा कागद परत द्या, टेकडीवरची माणसं उतरवा, बाकीच्यांचं तुम्ही आणि ते बघा. मी तोंड उघडणार नाही. खरंच म्हणालो मी असं. त्याने कबूल केलं असतं तर मी गप्प बसलो असतो आणि आज ज्यांच्या कृतघ्नपणाच्या नावाने बोटं मोडतोय त्यांच्या टेकड्याही गेल्या असत्या. दामूशेठ हसला. "तुझ्या तोंडाची मला काय किंमत? कागद बोलतो," तो म्हणाला आणि सुपारीचं खांड माझ्यापुढे धरलं. त्या सुपारीने माझं डोकं फिरलं. कागद बोलतो काय, म्हटलं. मग बोलू दे मोठ्याने.

रविवारी मेंघराजशेठ कल्याणला एका साखरपुड्याला गेले होते. छापखान्याची किल्ली माझ्याकडे असायची. बाबांची प्रत समोर ठेवून मी तोच करार पुन्हा जुळवायला घेतला. एक शब्द बदलायचा नाही, हे पहिलं ठरवलं, कारण बदलला की दामूशेठ खोटा कागद म्हणून ओरडणार. शब्द त्याचे, जागा माझी. मुदतीचं कलम सगळ्यांत वर घ्यायचा मोह झाला, पण क्रमही बदलला नाही. फक्त प्रत्येक कलम वेगळं केलं. प्रत्येकावर ठळक आकडा. आतल्या मजकुराला सोळा पॉइंट, ओळींमध्ये दोन-दोन पट्ट्या, दोन्हीकडे अंगठा मावेल एवढा समास. लांब वाक्य जिथे श्वास घेतं तिथेच ओळ तोडली, शब्दाच्या पोटात नाही. सातवं आणि नववं कलम चोवीस पॉइंटात घेतलं आणि त्यांच्यावर-खाली चार बोटं जागा कोरी सोडली. कोरी! शेठच्या भाषेत गाय बांधायची जागा. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कोरा कागद वाया जात नाही, तो बोट दाखवतो. एका पानाची चार पानं झाली. पायटा मारता मारता माझी पोटरी भरून आली. वीस प्रती काढल्या.

पहिली प्रत बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती दूर धरली, मग जवळ धरली, मग मांडीवर ठेवली. पाटीसारखी. बोट फिरवत ओठातल्या ओठात वाचत गेले. सातव्यापाशी थांबले. नवव्यापाशी बराच वेळ थांबले. आय चुलीपाशी बोंबील भाजत होती, तिनेही चिमटा हातात धरून ठेवला. बाबांनी कागद खाली ठेवला आणि मला विचारलं, "मंग आधी का नाय असं छापलं?"

मी उरलेल्या एकोणीस प्रतींच्या घड्या घालायला बसलो.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. दामूशेठही कारकुनाला घेऊन आला, कारण बातमी त्याला लागलीच होती. माझ्या हातातला कागद बघताच त्याने सुरुवात केली, "हा खोटा आहे. माझा करार एका पानाचा, ह्याने चार पानं केली. तीन पानं आली कुठून?"

ठमाबाय नावाची एक म्हातारी होती, नवरा गेलेला, वरकसाचा एक तुकडा तिच्याच नावावर. ती म्हणाली, "पानं जाऊ दे रं. शब्द वाडलाय का, त्ये सांग. ह्या कारकुनाला लहान कागद वाचू दे, आनि मोटा कागद गोमा वाचील."

मी म्हणणार होतो की मी वाचतो. पण बाबा उठले होते. सगळ्या गावापुढे, ज्या कागदावर सही करून फसले तोच कागद, बोट ठेवून, एकेक शब्द. कारकून एक कलम भरभर म्हणायचा आणि बाबा तेच कलम सावकाश वाचायचे, माणसं दोन्ही ऐकायची. असं नववं आलं. "माती," बाबा म्हणाले. "मुरूम. दगड. इत्यादी. काडून. नेन्याचा." त्यांनी बोट पुढच्या शब्दावर नेलं. "हक्क." कारकुनाने लहान कागदात तेच शब्द दाखवले. त्याला दाखवावेच लागले.

"शब्द वाडला न्हाई," ठमाबाय म्हणाली. "आवाज वाडलाय." लोक हसले. दामूशेठ उठून गेला.

एकही अंगठा त्याला मिळाला नाही. तीन सह्या होत्या त्या होत्याच. कल्याणच्या वकिलाने आमचा कागद बघून हात जोडले. म्हणाला, सही आहे, तिकीट आहे, साक्षीदार आहेत, काय करू? टेकडी चार वर्षांत सपाट झाली. ओट्यावरून उतरताना मला वाटलं होतं कोणी पाठीवर हात ठेवील. एकाने ठेवला. म्हणाला, "बरं केलंस. पन पयला कागदबी तूच छापला व्हतास ना रं?" तेच वाक्य गेली पन्नास-साठ वर्षं फिरतंय. अर्धंच फिरतंय, पुढचं अर्ध कोणी सांगत नाही.

मेंघराजशेठना वीस प्रतींचा पत्ता कागदाच्या रिमावरून लागला. "मेरा टाइप, मेरा कागज, और पूछा भी नहीं?" मी म्हटलं पगारातून कापा. ते म्हणाले पगारातून विश्वास कापता येत नाही, आणि मला काढलं. ते बरोबरच बोलले असतील. पण पुढे काय केलं ते ऐका. माझी एक प्रत त्यांच्या टेबलावर राहिली होती. मराठी वाचता न येणाऱ्या त्या माणसाला तो कागद नुसता बघूनच कळला. सहा महिन्यांत कॅम्पातल्या व्यापाऱ्यांकडे त्यांचे 'साफ फॉर्म' फिरू लागले, वेगळी कलमं, ठळक आकडे, मोठा समास. गिऱ्हाइकांची भांडणं कमी झाली म्हणून व्यापारी खूश. पाच वर्षांत शेठकडे तीन मशिनी. मी एकदा जाऊन विचारलं, हे कोणाचं? त्यांनी मला कोकी खाऊ घातली आणि म्हणाले, "पुट, खाली जगह का कोई मालिक होता है क्या?" मी ती कोकी खाल्ली, याचा मला अजून राग येतो.

आता माझा नातू मोबाइलवर काहीतरी घेतो, समोर बारीक अक्षरांची लांबलचक पट्टी सरकते आणि तो न वाचता खालचं बटण दाबतो. मी ओरडतो. तो म्हणतो, आजोबा, हे कोणीच वाचत नाही. माहीत आहे मला. कोणीच वाचू नये म्हणून ते तसं जुळवलेलं असतं. तिकडेही कोणी तरी जुळारी बसलेला असणार, चार आणे जास्त घेणारा.

अंबरनाथला स्टेशनच्या पूर्वेला मी स्वतःचा छापखाना काढला तेव्हा जागेचा भाडेकरार मीच जुळवला. मालक म्हणाला, एका पानात होईल की. मी म्हटलं, होईल, पण करणार नाही. सोळा पॉइंट, दोन पानं, कलमाकलमात जागा. साक्षीदार म्हणून बाबांना घेऊन आलो. सदरा धुतलेला, केस चापून बसवलेले. त्यांनी दोन्ही पानं बोट फिरवत पूर्ण वाचली, मालक घड्याळ बघत होता तरी. काहीच खोट सापडली नाही. मी पेन पुढे केलं.

त्यांनी ते घेतलं नाही. मशिनीजवळ गेले आणि शाईच्या पाटीवर अंगठा टेकवला.

"बाबा, सही करा. येते ना तुम्हाला."

"येते." त्यांनी अंगठा कागदावर दाबला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. "पन अंगटेवाल्याला कोन म्हनत नाय, तू वाचून केलंस म्हनून."

त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी सही केली नाही. रेशन कार्डावर अंगठा, माझ्या लग्नाच्या नोंदीवर अंगठा. मी विनवलं, भांडलो, एकदा तर पेन भिंतीवर फेकून मारलं. तो भाडेकरार माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत मी लाखो कागद छापले, पण त्या अंगठ्याइतका स्वच्छ ठसा माझ्या कुठल्याच मशिनीवर उमटला नाही. त्यातली प्रत्येक रेघ वेगळी वाचता येते.